पोराची वही काढून घेऊ नका

"पोरगं पाखरं बघत हिंडतं, वहीत काहीबाही लिहितं. पुढं काय होणार याचं?" पालकांचा हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या नेहमी कानावर येतो. अशा वेळी मला सलीम अली आठवतात.

१८९६ साली मुंबईत, मुस्लिम कुटुंबात जन्म. विद्यापीठाची पदवी नाही. ब्रह्मदेशातला धंदा बसला. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी पैशाअभावी गेली. मग किहीमला राहून त्यांनी सुगरणीची घरटी पाहिली. नर घरटं अर्धवट विणतो, मादीनं पसंत केल्यावरच पुरं करतो, हे टिपून लिहून काढलं. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. पुढं रेडिओवरूनही ते बोलले. पाहिलेलं सर्वांना कळेल असं सांगणं, ही त्यांची खरी कमाई.

त्यांनी लिहिलं इंग्रजीत. मराठीत रानाची ओळख करून दिली ती आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी, वनखात्याची नोकरी सांभाळून.

मान्य, सलीम अलींच्या पाठीशी खातंपितं घर होतं. आपल्या पोरांना आधी पोटाचं बघावं लागतं. म्हणून शिक्षण सोडा असं मी म्हणणार नाही. पण करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. ते कुठं चरतात, कधी उठतात, हे काठावरच्या पोरांना ठाऊक असतं. ते उर्दूत नाही, मराठीतही फारसं नाही. ते कोण लिहिणार?

डिग्री घेऊ द्या. वहीही राहू द्या.