बॅटरी किती थकली, हे गाडीला कळते. मग मालकाला का नाही?

सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेताना टायर तपासता येतात, किलोमीटर पाहता येतात. किमतीत मोठा वाटा असलेली बॅटरी मात्र नुसती पाहून कळत नाही. डॅशबोर्ड १०० टक्के चार्ज दाखवतो, पण कशाचे १०० टक्के? क्षमता ३० युनिटवरून २४ वर आली, तरी पूर्ण भरलेली बॅटरी १००च दाखवणार.

उरलेली क्षमता थेट मोजणारा सेन्सर नसतो. व्होल्टेज, करंट आणि तापमान एवढेच मोजता येते. बाकीचे अंदाजाने काढावे लागते. त्यासाठीची एक प्रमुख पद्धत म्हणजे काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांचे १९६० मधले हे गणित अपोलो यानांच्या दिशादर्शनातही वापरले गेले.

गाडीच्या बॅटरी व्यवस्थापन यंत्रणेत बॅटरीचे एक गणिती मॉडेल असते. पेडल दाबल्यावर व्होल्टेज किती उतरेल, हे ते आधी सांगते. मग प्रत्यक्ष मोजणी येते. दोन्हींत तफावत पडली तर चूक मॉडेलची की सेन्सरची? दोघांवर किती विश्वास ठेवायचा याचा हिशेब करून फिल्टर आपला अंदाज थोडा सरकवतो. गाडी चालू असताना हे सतत चालते.

समजा, १०० अँपिअर ओढताच नव्या सेलचे व्होल्टेज ३.३० वरून ३.२० वर आले. म्हणजे अंतर्गत रोध १ मिलिओहम. काही वर्षांनी तितक्याच तापमानाला ते ३.१५ वर येऊ लागले, तर रोध दीडपट झाला. पण एका मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून रोध आणि क्षमता यांनाही हळूहळू बदलणाऱ्या अज्ञात राशी मानून फिल्टर हजारो मोजण्यांतून त्यांचा माग काढतो. ग्रेगरी प्लेट यांनी २००४ मध्ये हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीसाठी ही रीत सविस्तर मांडली.

तिलाही मर्यादा आहेत. एलएफपी बॅटरीचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असते, त्यामुळे ४० टक्के आणि ६० टक्के चार्जमधला फरक ओळखणे कठीण जाते. अधूनमधून पूर्ण चार्ज करा, हा सल्ला त्यासाठीच. गाडी एकाच वेगाने चालत राहिली तर रोधाचाही नीट पत्ता लागत नाही. सिग्नलवरचे थांबणे-निघणे इथे चक्क उपयोगी पडते!

मुद्दा असा, की फिल्टर अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही काढतो. 'क्षमता ८२ टक्के, ३ टक्के कमी-जास्त' असे सांगणे यंत्रणेला जड नाही. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार ऑगस्ट २०२४ पासून बॅटरीच्या आरोग्याची माहिती यंत्रणेत ठेवणे आणि ती मालकाला पाहता येणे बंधनकारक आहे. भारतातही असाच नियम हवा. वर्षानुवर्षांच्या वॉरंटीचा दावा ज्या आकड्यावर ठरतो, तो फक्त कंपनीच्या हाती असणे ग्राहकावर अन्यायाचे आहे.

तोवर जुनी गाडी घेणाऱ्याने बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल लेखी मागावा. आणि तपासणीआधी गाडी एकदा पूर्ण चार्ज केली होती का, हेही विचारावे.