पिंग का नाचतो?

परवा डहाणूतला माझा एक विद्यार्थी कुरकुरत आला. "बाई, सिंगापूरच्या सर्व्हरवर गेम खेळताना पिंग 70 वरून एकदम 300 होतो. लांब आहे ना!"

पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद. सिंगापूर इथून सुमारे 4,000 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन 40 तरी लागणारच. पण अंतर घडीघडीला बदलतं का? डहाणू लोकल उशिरा पोचली, म्हणून विरार लांब सरकत नाही!

"आधी घरातल्या राउटरलाच पिंग कर," मी म्हटलं. तिथे आकडे स्थिर, तर दोष बाहेरच्या वाटेवर. नाचले, तर घरातच. नाचलेच! राउटर लोखंडी कपाटामागे होता. कॉम्प्युटरला वायर जोडली, 300 गेले. 70 मात्र राहिले.