खाली येणारे ड्रोन काय सांगते?

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही स्वतः जोडलेले ड्रोन मैदानावर छान तरंगत आहे आणि एकाएकी, तुम्ही काहीही न करता, ते खाली येऊ लागते. अशा वेळी तुम्ही काय कराल? बहुतेक जण आधी मोटर बदलतात, मग बॅटरी, मग पंखे. एवढे करून ड्रोन सुधारले, तरी दोष कशात होता हे कळतच नाही. पैसे गेले आणि ज्ञानही मिळाले नाही!

आधी थोडा विचार करू. ड्रोनला आपली उंची कळते कशी? पुष्कळ ड्रोनमध्ये हवेचा दाब मोजणारा एक चिमुकला संवेदक असतो. १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन उंचीबरोबर दाब घटतो हे दाखवले. तेच हे तत्त्व. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेल्यास दाब सुमारे १२ पास्कलनी घटतो. हवेचा एकूण दाब मात्र लाखभर पास्कल! वाऱ्याच्या झोतामुळे संवेदकाजवळचा दाब किंचित घटला, तरी ड्रोनला वाटते, ‘मी वर गेलो’. आणि ते खाली उतरते. म्हणूनच संवेदकावर स्पंजचा तुकडा लावतात.

दुसरा संशय बॅटरीवर. तीन घटांची पूर्ण भारित लिथियम बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, पण ती स्वस्थ असताना. तिचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह २० अँपिअर असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे १ व्होल्ट बॅटरीतच खर्ची पडतो. जुन्या बॅटरीत हा रोध वाढलेला असतो.

मग दोषी कोण? ड्रोन वाऱ्यात किंवा वेगाने पुढे जातानाच खाली येत असेल, तर संवेदक तपासा. दर वेळी उड्डाणाच्या शेवटीशेवटी येत असेल, तर बॅटरी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहा. मेजावर तपासणी करताना मात्र पंखे काढून ठेवायला विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या प्रयोगवहीत फक्त जमलेलेच प्रयोग लिहिले जातात आणि विज्ञान प्रदर्शनात उडणाऱ्या ड्रोनलाच बक्षीस मिळते. मग बिघाड लपवायलाच मुले शिकणार नाहीत काय? न उडालेल्या ड्रोनची नीट ठेवलेली नोंदवही अधिक गुणांची मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रमातून वेळ कोठून काढायचा, असे कोणी विचारील. पण हवेचा दाब आणि ओहमचा नियम हा अभ्यासक्रमच नव्हे काय? तो फळ्यावरून मैदानावर आला, एवढेच.

तेव्हा पुढच्या वेळी ड्रोन खाली आले, तर दुकानाकडे धावण्याआधी वही उघडा.