खुपरीचे औषध कोणाला द्यावयाचे?

सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थाने भारतातून खुपरी हद्दपार झाली, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम १९६३ सालचा. म्हणजे यशाला साठ वर्षे लागली. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात मात्र आजही वारंवारच्या संसर्गाने पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात, आणि बायाबापड्या चिमट्याने ते उपटत आंधळेपणाची वाट पाहतात. बाया म्हणतो ते जाणूनबुजून. मुलांना अंगाखांद्यावर खेळविणे त्यांच्याच वाट्याला येत असल्याने हे दुखणेही त्यांनाच अधिक होते.

अशा ठिकाणी प्रतिजैविक कोणाला द्यावयाचे, हा वाद वरवर वैद्यकशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो पैशाचा आहे. आरोग्यखात्यांच्या हिशेबनिसांना एक सिद्धांत फार प्रिय असतो: घरोघर जाऊन रोगी शोधा आणि रोग्यालाच औषध द्या; निरोग्यांवर खर्च कशाला? ऐकावयास हे शहाणपणाचे वाटते. परंतु खुपरी ही एका डोळ्याची व्याधी नसून घराची, आळीची व्याधी आहे. ज्याच्या पापणीखाली पुटकुळ्या दिसतात त्याच्यात जंतू असेलच असे नाही आणि ज्याच्यात जंतू आहे त्याला पुटकुळ्या असतीलच असेही नाही. बरे केलेल्या पोराला धाकटे भावंड, सामाईक फडके आणि चिपडावर बसणारी माशी पुन्हा संसर्ग देतात. म्हणूनच एक ते नऊ वर्षे वयाच्या मुलांत रोगाचे प्रमाण दहा टक्के वा अधिक असल्यास संपूर्ण जिल्ह्याला औषध देण्याचा दंडक आहे.

याचा अर्थ निवड करूच नये असा नाही. अम्हारातील गोंचा सिसो एनेसे तालुक्यात २००६ पासून झालेल्या प्रयोगात काही गावांतील केवळ दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दर तीन महिन्यांनी अझिथ्रोमायसिन देण्यात आले. वर्षभरात मुलांमधील संसर्ग तर कोसळलाच. पण ज्यांना गोळीही मिळाली नव्हती त्या मोठ्यांमध्येही तो, उपचार न झालेल्या गावांच्या मानाने, सुमारे निम्मा आढळला. जंतूचे मूळ घर मुलांच्या डोळ्यांत आहे, हे येथे सिद्ध झाले. निवड करावयाची ती जंतू कोठे राहतो हे पाहून. दवाखान्याची पायरी कोण चढू शकतो हे पाहून नव्हे. पहिली निवड विज्ञानाची आहे, दुसरी विषमतेची. दोन्हींना ‘लक्ष्यित उपचार’ हे एकच नाव देणे ही लबाडी होय.

आता आपल्याच गोटातील मित्रांविषयी. त्यांचा युक्तिवाद असा की युरोपातून खुपरी प्रतिजैविकांच्या आधीच, राहणीमान सुधारल्याने गेली. तेव्हा गोळ्या म्हणजे दानशूरांचे मलम, खरा उपाय पाणी. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. तथापि अम्हारातच पाणी, शौचकूप व स्वच्छताप्रसार यांचा तीन वर्षे प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डोळ्यांतील संसर्ग त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. ही गोष्ट आपल्याला अप्रिय आहे म्हणून लपविण्याचे कारण नाही. युरोपला ज्यासाठी पिढ्या लागल्या ते तीन वर्षांत एका विहिरीने होत नाही, एवढाच तिचा बोध. उलटपक्षी, गोळ्या थांबल्या की संसर्ग परततो, हेही इथिओपियातच दिसले. पाण्याची मागणी सोडावयाची नाही. परंतु ती पुरी होईपर्यंत आजच्या मुलाने डोळे गमवावेत, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दानाचा प्रश्न मात्र खरा आहे. हे औषध १९९८ पासून फायझर कंपनी फुकट देते, आणि त्याने लक्षावधींची दृष्टी वाचली हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण हा रेणू प्रथम सापडला तो १९८० साली झाग्रेबच्या प्लिवा कारखान्यात, समाजवादी युगोस्लाव्हियात. फायझरकडे तो परवान्याने गेला. आज भारतातील कित्येक कारखाने तो बनवितात. असे असता एका कंपनीच्या मर्जीवर देशोदेशींचे कार्यक्रम का लटकावेत? २०२० च्या महामारीत सामूहिक औषधवाटप थांबले. अम्हारात २०२३ पासून बंदुका वाजू लागल्या. अशा वेळी औषध देणाऱ्याच्या गोदामात नव्हे, सरकारच्या स्वतःच्या भांडारात हवे.

सर्रास वाटपाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, ही भीतीही खोटी नव्हे. नायजरमध्ये बालमृत्यू कमी करण्यासाठी लहान मुलांना वर्षातून दोनदा हेच औषध दिले. मृत्यू घटले, पण औषधाला न जुमानणारे जंतूही वाढले. तेव्हा वाटप कोठे चालू ठेवावयाचे नि कोठे थांबवावयाचे, हे मुलांची नियमित तपासणी करूनच ठरावे. त्या तपासणीचा खर्च कोणत्याही दानपत्रात लिहिलेला नसतो; तो अंदाजपत्रकात लिहावा लागतो, आणि उंची मोजण्याची काठी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकेचा पगारही त्याच पानावर.