स्मरणातून अक्षरात



तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या शिष्यांना गाठले, त्यांनी सांगितलेल्या स्वामींच्या आठवणी टिपल्या आणि विदर्भातल्या रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी हरवल्यावर अनेकांच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते.

मेंदूतली आठवणही दर वेळी अशीच नव्याने जुळवली जाते. सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी अनेकींच्या जोडण्यांत ती विखुरलेली असते. ज्या पेशी वारंवार एकत्र चेततात त्यांची जोडणी बळकट होते, हा विचार मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये त्याला गणिताचे रूप दिले. पुसट, अर्धवट नमुना दिला तरी त्यांचे कृत्रिम चेतापेशींचे जाळे तो पुरा करून देई. या कामासाठी २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासह मिळाले.

आज आपल्याशी बोलणारी अशी कृत्रिम जाळी मुख्यत्वे लिखित मजकुरावर वाढतात. पुढचा शब्द ओळखायचा, चुकले की जोडण्यांचे भार किंचित बदलायचे, हे अब्जावधी शब्दांवर चालते. नागपूरचे मूल मात्र आजीचे बोलणे ऐकत भाषा शिकते, आणि त्याच्या मेंदूला वीसेक वॅट पुरतात. “काय करून राहिला?” हे सीताबर्डीवर दिवसभर कानी पडते, पुस्तकांत क्वचित दिसते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली गोंडी तर फारच थोडी छापली गेली. जे कुठेच नोंदले गेले नाही, ते यंत्र शिकणार कुठून? उद्या आपली मुले यंत्राला प्रश्न विचारतील आणि उत्तरात आजीची बोली नसेल. हे आम्हांला मंजूर नाही.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात मेंदू आणि यंत्रावरील लेखांच्या जोडीला वऱ्हाडी, झाडीबोली आणि गोंडीतले लेखन आवर्जून घेतले आहे. वाचकांनाही विनंती आहे. फराळाला घरी जमाल तेव्हा वडीलधाऱ्यांची एखादी हकीकत त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने लिहून घ्या. शब्द ‘शुद्ध’ करू नका. आमच्याकडे पाठवा. निवडक मजकूर सांगणाऱ्याच्या नावानिशी पुढच्या अंकात छापू. म्हाइंभटांचे काम आता आपल्याकडे आले आहे.

 

— संपादक, नागपूर