आठाचे शून्य

मराठी विभागांत वस्तूंना वस्तू म्हणून फारसे स्थान नाही. आमच्याकडे येणारी प्रत्येक वस्तू दारातच प्रतीक होते. हारुकी मुराकामी यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'पिनबॉल, १९७३' या कादंबरीवर एका चर्चासत्रात निबंध वाचला गेला, तेव्हा याचा पुन्हा प्रत्यय आला. पिनबॉल म्हणजे एकाकीपण, पिनबॉल म्हणजे भांडवलशाहीतील निरर्थक पुनरावृत्ती, आणि त्या यंत्रावर 'लुकलुकणारे नारिंगी अंक' म्हणजे आधुनिक माणसाची विझत चाललेली अस्मिता, असे निबंधकर्त्याने मांडले. टाळ्याही मिळाल्या. कादंबरीचा नायक ज्या काळात त्या खेळात गुंतला होता, त्या काळी यंत्रावर असे अंक नव्हतेच, हे मात्र कोणी विचारले नाही. तेव्हा गुण दाखवीत ती आकडे छापलेली, खटखट आवाज करीत फिरणारी चाके. काचेतील उजळणारे अंक या यंत्रांत आले ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात.

ही चूक क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती क्षुल्लक नाही. वस्तू न उघडता तिचा अर्थ सांगण्याची जी सवय आम्हां साहित्याच्या अध्यापकांना लागली आहे, तिचे ते लक्षण आहे. तिच्याविरुद्ध आमचा पुरावा पुस्तकातला नाही, एका तळघरातला आहे.

आमच्यापैकी एकाचे थोरले बंधू शिकागोजवळ राहतात. पिनबॉलचे माहेर ते हेच शहर. गॉटलीब, बॅली, विल्यम्स ही या धंद्यातील मोठी नावे तिथलीच. न्यूयॉर्कने १९४२ साली जुगार म्हणून या खेळावर बंदी घातली आणि ती १९७६ मध्ये उठवली. पुढे खेळघरे ओस पडू लागली तशी ही यंत्रे लोकांच्या तळघरांत गेली, आणि ती घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्यांची एक जातच तिकडे तयार झाली. दादा त्यांतलेच. मागच्या सुट्टीत त्यांच्याकडे १९८०च्या सुमाराचे एक यंत्र होते. त्यावर चार खेळाडूंसाठी गुणांचे चार वेगळे डिस्प्ले. तिसऱ्या खेळाडूचा डिस्प्ले मधूनच कमी गुण दाखवी. ४८,३८० गुण झाले की तिथे ४०,३०० दिसत. गंमत अशी की ठरलेल्या गुणांवर मिळणारा फुकटचा डाव यंत्र अचूक देत होते. म्हणजे यंत्राचा हिशेब चुकत नव्हता, त्याचे सांगणे चुकत होते.

ओळखीच्या एका जाणकाराचा सल्ला तत्काळ आला: जुनी काच फेका, नवे एलईडी पॅनेल बसवा, वीस मिनिटांचे काम. दादांनी मान हलवली आणि म्हणाले, "आधी काय बिघडलंय ते तर कळू दे."

पुढील तासाभरात जे घडले त्याला आम्ही वाचन म्हणतो. तिथे अंक इंग्रजी वळणाचे असतात आणि प्रत्येक अंक सात रेघांतून उमटतो. आठासाठी सातही रेघा उजळतात; मधली आडवी रेघ तेवढी विझली की तेच शून्य होते. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक लगेच निदान करून मोकळे झालो: मधली रेघ मेली आहे! अर्थ सुंदर होता, पुराव्याशी जुळत होता, आणि चुकीचा होता.

दादांनी विचारले, "मग तीन नीट कसा दिसतो? तीनालाही मधली रेघ लागतेच की." आम्ही गप्प. त्यांनी यंत्राच्या दारामागील चाचणीचे बटण दाबले. सर्व डिस्प्लेंवर शून्यापासून नऊपर्यंतचे अंक क्रमाने फिरू लागले. तिसऱ्यावर शून्य ते सात ठणठणीत. आठाच्या वेळी शून्य. आणि नवाच्या वेळी एक! रेघ मेली असती तर नऊ मोडका दिसला असता. इथे तर धडधाकट एक उभा होता. मग उलगडा झाला. डिस्प्लेकडे अंक येतो तो चार तारांवरून. त्या तारांची किंमत अनुक्रमे एक, दोन, चार आणि आठ. सात म्हणजे पहिल्या तिन्ही तारांवर संकेत. आठाची तार लागते ती फक्त आठ आणि नऊ या अंकांना. तिचा संकेत पोचला नाही की आठाचे शून्य होते, नवाचा एक होतो, आणि बाकीच्या अंकांना धक्काही लागत नाही.

या चार तारा सर्व डिस्प्लेंना सामाईक असतात. बाकीचे तीन डिस्प्ले बरोबर होते, म्हणजे दोष तार फुटून तिसऱ्याकडे वळते त्याच्या पुढे कुठेतरी. यंत्र बंद करून प्लग काढला. या काचेला पावणेदोनशे व्होल्टांच्या आसपास दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो. म्हणून थोडे थांबून, मीटरने मोजून, मगच हात घातला. तिसऱ्याचे आणि दुसऱ्याचे बोर्ड आपसांत बदलले. चूक बोर्डाबरोबर दुसऱ्या जागी गेली, म्हणजे जोडणीच्या तारा निर्दोष. भिंगाखाली पाहिले तर बोर्डाच्या एका पिनेभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर. चाळीस वर्षांचे हादरे, तापणे आणि निवणे. तिथे नवे सोल्डर दिले. आठ पुन्हा आठ झाला.

ज्यांनी पाठचिकित्सा कधीकाळी अभ्यासली असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल. चार प्रती समोर ठेवायच्या. कोणती चूक कोणत्या प्रतींत सामाईक आहे ते पाहायचे. त्यावरून ती कोणत्या टप्प्यावर शिरली ते ठरवायचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच वाटेने सिद्ध झाली. त्याच्याही कितीतरी आधी शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला. ही आमची परंपरा. तिचे आम्ही काय केले?

बहुतेक ठिकाणी ती ऐच्छिक प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात गेली आहे. आम्ही शिकवलेल्या एका संकलनात जुन्या मराठीतील एका पद्यातला अवघड शब्द काढून त्याजागी ओळखीचा शब्द बसवला होता. तळटीप नाही, खूण नाही. विद्यार्थ्यांना ओळ सोपी वाटली, त्यांनी तिचे छान रसग्रहण केले, आम्ही गुणही दिले. मूळ पाठ दिसला तो अपघाताने. मोडका अंक घातक नसतो. तो स्वतःच ओरडून सांगतो की मी मोडलो आहे. घातक असते ते धडधाकट दिसणारे शून्य. अर्थ लागतो आहे एवढ्यावर समाधान मानणारा वाचक त्या शून्यापाशी कधीच थांबत नाही. आम्हीही थांबलो नव्हतो.

'प्रत्येक वाचन तितकेच ग्राह्य' हे वाक्य आमच्या वर्गांतून फार स्वस्त झाले आहे. त्या तळघरात आम्हा दोघांचे वाचन एक होते आणि दादांचे दुसरे. दोन्ही वाचने आठाच्या शून्याचा उलगडा करीत होती; पण तीन आणि नऊ यांच्या साक्षीपुढे आमचे टिकले नाही. अर्थ अनेक असू शकतात हे आम्हांस मान्य आहे. चूक असूच शकत नाही हे अमान्य आहे. ज्या वाचनाला हरण्याची सोय नाही ते वाचन नव्हे, ती मतांची अदलाबदल होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की नवे पॅनेल बसवूनही आठ दिसलाच असता. होय, या वेळी दिसला असता. आणि दोष तारेत असता तर नव्या पॅनेलवरही तेच शून्य चमकले असते, अधिक झगझगीत. दुसरा आक्षेप, की आम्ही जुन्याचे भाबडे भक्त आहोत. तसे नाही. या काचा म्हाताऱ्या होतात, अधिक प्रवाह ओढू लागतात आणि वीजपुरवठ्याचे भाग जाळतात. अशी काच काढून एलईडी बसवणे हाच शहाणपणा. महाभारताच्या संपादकांनीही जिथे पाठ निश्चित नव्हता तिथे निर्णय टाळला नाही. मात्र अशा पाठाखाली नागमोडी रेघ ओढली. बदल करा, पण निदान आधी, आणि बदलाची खूण ठेवा. एवढीच आमची मागणी आहे.

त्या यंत्राबरोबर कारखान्याने सर्किटचा संपूर्ण नकाशा दिला होता. चाळीस वर्षांनी एक परका माणूस आपले यंत्र उघडून वाचील, हे कर्त्यांनी गृहीत धरले होते. आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती काय देतो? झाकण बंद असलेली संकलने आणि तयार उत्तरांची मार्गदर्शके. मग ती मुले काही उघडून पाहत नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस कसा पोचतो?

पुढच्या सत्रात आम्ही एक प्रयोग करणार आहोत. एकाच ओवीचे चार छापील पाठ वर्गासमोर ठेवायचे आणि त्यांतला कोणता कुठे बिघडला एवढेच विचारायचे. प्रतीकांची चर्चा त्यानंतर. आधी तीन तपासायचा, मग नऊ, आणि मगच आठाविषयी बोलायचे.