नव्या ब्रेक डिस्कला आधी आंघोळ!

नवा बिडाचा तवा घरी आणला, की कोणतीही गृहिणी तो तसाच गॅसवर चढवत नाही. आधी तो घासते, धुते, कोरडा करते आणि मगच वापरायला काढते. मोटारीची ब्रेक डिस्कही बहुधा बिडाचीच असते. तिच्यावर मात्र घरच्या सगळ्यांचा जीव अवलंबून असूनही अनेक गॅरेजांत ती खोक्यातून निघते ती थेट चाकावर चढते. मालक बाहेर चहा पीत असतात आणि ‘साहेब, नवी डिस्क टाकली’ एवढे ऐकून निश्चिंत होतात.

वाचकहो, इथेच थोडे थांबायला हवे.

तेल कशासाठी?

बीड हवेतल्या ओलाव्याने लगेच गंजते. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून गॅरेजात येईपर्यंत डिस्क गंजू नये, म्हणून तिला गंजरोधक तेलाचा पातळ हात दिलेला असतो. डिस्क चकचकीत दिसते, म्हणून ती स्वच्छ आहे असा समज होतो. प्रत्यक्षात बोट फिरवले की बुळबुळीतपणा जाणवतो.

ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला आवळतात आणि त्या घर्षणाने गाडी थांबते. मध्ये तेल आले, तर घर्षण कमी होते. तेलाचा थोडा भाग पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो हे खरे. पण उरलेले तेल नव्या पॅडमध्ये मुरते. मग ब्रेक करकरतात, गाडी एका बाजूला ओढते आणि नवे पॅड फेकून द्यावे लागतात. तेल मुरलेला पॅड घासून पूर्ववत होईल, या भरवशावर राहू नये.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी चांगल्या ब्रेकने, पाय पेडलवर पडल्यानंतर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली, तर तेच अंतर ४० मीटर होते. मधल्या २० मीटरमध्ये शाळेतून निघालेले मूलही असू शकते. गाडीत एबीएस आहे, म्हणूनही निर्धास्त राहू नये. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. डिस्क आणि पॅड यांच्यात नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही.

धुवायची कशी?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ब्रेक क्लीनरचा स्प्रे. डिस्कच्या दोन्ही बाजूंवर भरपूर मारावा आणि धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावे. कापडावर काळपट डाग उठेनासे होईपर्यंत हे करावे. काम मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट आणि ठिणगीपासून दूर करावे.

स्प्रे नसेल, तर गरम पाणी आणि भांडी घासायचा साबणही चालतो. ब्रशने घासून, साबण पूर्ण धुऊन डिस्क ताबडतोब कोरडी करावी. मधल्या हवेच्या खाचांत पाणी राहू देऊ नये. पावसाळी हवेत रात्रीतून तांबूस थर आला, तरी घाबरू नये. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो.

रॉकेल आणि डिझेल मात्र नको. ते मागे तेलकट थर ठेवतात. पेट्रोल तर आगीला आमंत्रणच! धुतलेल्या डिस्कच्या घासणाऱ्या भागाला ग्रीसचे हात लावू नयेत.

काही डिस्कवर करडा किंवा काळा संरक्षक लेप असतो. तो खरवडू नये. पॅड जिथे घासतात तिथला लेप आपोआप निघतो. खोक्यावरच्या सूचना त्यासाठी आवर्जून वाचाव्यात.

हब विसरू नका

डिस्क ज्या हबवर बसते, त्याच्यावर जुना गंज साचलेला असतो. त्यावर नवी डिस्क बसवली, की ती किंचित तिरकी फिरते. बहुतेक गाड्यांत हे डुलणे ०.१ मिलिमीटरच्या आसपासच चालते, म्हणजे गंजाची एक खपलीही पुरे! काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी कमी-जास्त होते, ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते आणि दोष ‘वाकड्या डिस्क’वर येतो. म्हणून तारेच्या ब्रशने किंवा पॉलिशपेपरने हब स्वच्छ करून घ्यावा. साचलेली ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ती छातीत जाते. ओल्या कापडाने पुसावी.

डिस्क नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलाव्यात आणि पॅडही नवे टाकावेत. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. काम आटोपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबावे. हे विसरल्यास पहिल्याच वळणावर पाय रिकामा खाली जाईल!

पहिले दिवस सबुरीचे

नवी डिस्क आणि नवे पॅड एकमेकांना सरावायला वेळ लागतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितलेले नसेल, तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हळुवार लावावेत, समोरच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे. याच आठवड्यात भरल्या गाडीने घाट उतरायचा बेत असेल, तर तो पुढे ढकलावा. अर्थात प्रसंग ओढवला, तर पूर्ण जोर लावून ब्रेक दाबायला कचरू नये.

ही सगळी सफाई जेमतेम अर्ध्या तासाची आहे. पुढच्या वेळी डिस्क बदलताना चहाला जाण्याआधी मेकॅनिकला दोनच प्रश्न विचारा : ‘डिस्क धुतली का? हब घासला का?’ चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याच्याकडे गाडी पुन्हा न्यायची की नाही, हे आपण ठरवावे.